एकाच घरांतील उंबरठे

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव कॅनडांत नोकरीस असून सूनबाई परिचारिका आहेत. सात वर्षें ओंटारिओ प्रांतांत रुग्णसेवा केल्यावर चिरंजिवांची बदली पश्चिमेकडील अल्बर्टा प्रांतांत झाली. आणि तेथें बिऱ्हाड मांडल्यावर सूनबाईंस असें कळून आलें कीं, त्यांचा परवाना ह्या प्रांतांत चालत नाहीं. नवा अर्ज, नवी फी, जुन्या प्रमाणपत्रांच्या नव्या प्रती, आणि तोंपर्यंत घरीं बसणें. मोटारीची नोंदणीसुद्धां बदलावी लागली. "देश एक, राजा एक, नाणें एक, मग तापाच्या रोग्याची नाडी पाहण्यास प्रांतोप्रांतीं निराळी परवानगी कशाला?" असें त्या विचारतात, आणि ह्याविषयीं आमच्या सदरांत चार शब्द लिहावे अशी आज्ञा करतात.

आज्ञा शिरसावंद्य, पण हा विषय चार शब्दांत आटोपणारा नव्हे. प्रश्न परिचारिकेचा असला तरी त्याचें मूळ लोण्याच्या, अंड्यांच्या, मद्याच्या व खनिज तेलाच्या बाजारांत आहे, आणि तेथून आरंभ केल्यावांचून परिचारिकेपर्यंत पोंचतां येणार नाहीं.

इ. स. १८६७ पूर्वीं कॅनडा हा आजच्यासारखा एक देश नव्हता. ब्रिटिशांच्या निरनिराळ्या वसाहती होत्या. प्रत्येकीचें विधिमंडळ निराळें, जकातीचें कोष्टक निराळें. दक्षिणेस अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें होतीं. त्यांच्याशीं १८५४ सालीं झालेला व्यापाराचा करार अमेरिकेनें १८६६ मध्यें संपुष्टांत आणला. शेजारच्या मोठ्या वाड्याचें दार असें बंद झालें तेव्हां ह्या भावंडांस एकमेकांच्या दारांची आठवण अधिक तीव्रतेनें झाली. ता. १ जुलै १८६७ रोजीं ओंटारिओ, क्वेबेक, न्यू ब्रन्सविक व नोव्हा स्कोशिया हे चार प्रांत एका छपराखालीं आले. ज्या कायद्यानें हें घडलें त्याच्या १२१ व्या कलमांत असें अभिवचन आहे कीं, कोणत्याही प्रांतांत पिकलेला अथवा बनलेला जिन्नस इतर प्रांतांत मुक्तपणें घेतला जाईल.

'मुक्त' हा शब्द मोठा गोड खरा. परंतु व्याकरण शिकलेल्या मनुष्यास तो ऐकतांच पंचमीची अपेक्षा उत्पन्न होते. मुक्त, पण कशापासून? ऋणापासून मुक्त, रोगापासून मुक्त, असें म्हटल्यावांचून वाक्याचें समाधान होत नाहीं. कायदा करणारांनीं ती पंचमी लिहिलीच नाहीं. १९२१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें 'गोल्ड सील' नांवाच्या एका मद्यविक्रेत्या कंपनीच्या खटल्यांत ती भरून काढली: मुक्त म्हणजे सीमेवरील जकातीपासून मुक्त, इतकेंच. ह्याचा अर्थ असा झाला कीं, प्रांतानें जकातीचा नाका उभारूं नये. पण परवाना, प्रत, माप, रंग, परीक्षा, नियंत्रण-मंडळ, असें कोणतेंही नांव देऊन दुसरें काय वाटेल तें उभारावें. पुढील शंभर वर्षें प्रांतांनीं तेंच उभारलें.

आमच्या भगिनींस रंगाची गोष्ट खोटी वाटेल, म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों. मार्गरीन हा लोण्याच्या जागीं पावाला लावावयाचा, तेलाचरबीपासून केलेला पदार्थ. आपल्याकडील वनस्पति तुपाचा थोरला चुलतभाऊ म्हणावयास हरकत नाहीं. तो १८६९ मध्यें फ्रान्सांत निघाला. कॅनडांतील दूधदुभत्याच्या शेतकऱ्यांनीं त्याची अशी धास्ती घेतली कीं, १८८६ पासून देशभर त्याला बंदी झाली. पहिल्या महायुद्धांत लोण्याचा तुटवडा पडला तेव्हां ती उठली, ती १९१७ ते १९२३ एवढींच वर्षें. पुढें १९४८ च्या डिसेंबरांत न्यायालयानें ठरविलें कीं, देशांत हा पदार्थ करण्याविकण्यास बंदी घालणें हा केंद्र सरकारचा अधिकारच नव्हे. आणि १९५० मध्यें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें त्यावर शिक्कामोर्तब केलें. आतां बाजार खुला झाला असें कोणासही वाटेल. झालें इतकेंच कीं, केंद्राच्या हातांतील सोटा प्रांतांच्या हातांत गेला. कित्येक प्रांतांनीं मार्गरीन विकूं दिलें, परंतु तें लोण्यासारखें पिवळें दिसतां कामा नये अशी अट घातली. मग कारखानदार पांढराफटक गोळा व सोबत रंगाची पुडी विकूं लागले, आणि तो रंग गोळ्यांत मळीत बसण्याचें काम घरोघरच्या गृहिणींच्या वांट्यास आलें. ओंटारिओनें रंगाचा नियम १९९५ मध्यें सोडला. क्वेबेकनें तो २००८ पर्यंत धरून ठेवला, व मध्यंतरीं २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदेशीरही ठरविला.

न्यूफाउंडलंड हें बेट १९४९ मध्यें कॅनडांत सामील झालें, तेव्हांची हकीकत तर एखाद्या लग्नाच्या याद्यांत शोभावी अशी आहे. बेटावर मार्गरीन सर्रास खाल्लें जात असे, आणि माहेरची ही संवय सोडण्यास तें तयार नव्हतें. म्हणून विलीनीकरणाच्या अटींत स्वतंत्र कलमच घालण्यांत आलें, कीं बेटानें तें करावें व खावें. परंतु देशाच्या इतर भागांत त्याला बंदी आहे तोंपर्यंत तिकडे पाठवूं नये. देशैक्याचा करार होत असतां लोण्याच्या डब्यासाठीं निराळें कलम!

ह्यावर हंसण्यापूर्वीं क्वेबेकच्या शेतकऱ्याचें म्हणणें ऐकून घेणें न्यायाचें आहे. गिऱ्हाइकास फसवूं नये, लोणी म्हणून त्याच्या गळ्यांत दुसरें कांहीं बांधूं नये, असें तो म्हणत असे. आपल्याकडेही वनस्पति तुपांत तिळाचें तेल मिसळण्याचा नियम झाला तो साजुक तुपांतील भेसळ पकडतां यावी म्हणूनच, आणि त्यास कोणीं अन्याय म्हटलें नाहीं. परंतु डब्यावर ठळक अक्षरांत नांव छापलेलें असतांही रंग नको असा हट्ट धरणें, ह्यांत गिऱ्हाइकाच्या काळजीपेक्षां गोठ्याची काळजी अधिक आहे, हें आम्हांस तरी स्पष्ट दिसतें. गोठ्याची काळजी हें कांहीं पाप नव्हे. मात्र तिला तिच्या नांवानें हांक मारावी.

अंड्यांचा विषय आमच्या कांहीं जुन्या वाचकांच्या सोवळ्यांत बसणार नाहीं. त्यांची क्षमा मागून तोही सांगतों, कारण त्यासारखा उद्बोधक विषय दुसरा नाहीं. १९७० च्या सुमारास क्वेबेकांत खाण्याच्या कोंबड्यांची रेलचेल होती. ओंटारिओ व मॅनिटोबा ह्या प्रांतांत अंड्यांचा पूर आला होता. शहाण्या भावांनीं अदलाबदल केली असती. क्वेबेकच्या मंडळानें बाहेरच्या अंड्यांस अडसर घातला; त्याचें उट्टें म्हणून इतरांनीं क्वेबेकच्या कोंबड्यांस घातला. मॅनिटोबा प्रांताच्या मंत्र्यांनीं तर एक अजब युक्ति लढविली. क्वेबेकच्या धर्तीवर त्यांनीं स्वतःचा एक अंडीकायदा रचला आणि तो अंमलांत न आणतां न्यायालयाकडे मत विचारण्यास धाडून दिला, तो तेथें टिकूं नये अशा इच्छेनें! स्वतः हरावें म्हणून दाराशीं उभा राहिलेला असा वादी आम्हीं दुसरा ऐकला नाहीं. १९७१ सालीं न्यायालयानें त्यांची इच्छा पूर्ण केली व कायदा रद्द ठरविला, कारण प्रांताप्रांतांमधील व्यापाराचें नियमन हें प्रांताचें काम नव्हे.

जिंकलें कोण? १९७२ मध्यें केंद्रानें नवा कायदा करून अखिल देशाचें अंडीमंडळ निर्माण केलें आणि कोणत्या प्रांतानें किती अंडीं विकावीं ह्याचा हिस्सा ठरवून दिला. भांडण मिटलें खरें, पण वाटणीपत्र होऊन मिटलें. भिंती पडल्या नाहींत, त्यांची मोजणी होऊन नकाशावर नोंद झाली. दुधास, कोंबड्यांस व अंड्यांस ही हिश्श्यांची पद्धति आजही लागू आहे. हिस्सा ज्याच्या नांवावर आहे तो शेतकरी तिला प्राणापलीकडे जपतो. आणि त्याच्या मतांवर निवडून येणारे त्याला जपतात.

आतां मद्य. जेरार कोमो नांवाचे न्यू ब्रन्सविक प्रांतांतील एक निवृत्त गृहस्थ २०१२ च्या ऑक्टोबरांत मोटार घेऊन नदीवरील पूल ओलांडून क्वेबेकांत गेले. तेथें बिअर स्वस्त. त्यांनीं ती खोकींच्या खोकीं भरून घेतली, सोबत कडक दारूच्या तीन बाटल्या घेतल्या आणि घरचा रस्ता धरला. परततांना पोलिसांनीं त्यांना अडविलें. न्यू ब्रन्सविकच्या कायद्याप्रमाणें बाहेरून बिअर आणावयाची तर फक्त बारा पाइंट. अधिक हवी असेल तर ती प्रांताच्या सरकारी दुकानांतूनच घेतली पाहिजे. दंड २९२ डॉलर ५० सेंट झाला. कोमो ह्यांनीं तो भरून प्रकरण मिटविलें असतें तर त्यांचें नांव नदीच्या अलीकडेपलीकडे कोणास कळलें नसतें. पण त्यांनीं १८६७ च्या १२१ व्या कलमावर बोट ठेवलें. २०१६ सालीं खालच्या न्यायाधीशांनीं त्यांना दोषमुक्त केलें. जुने कागद पाहून त्यांचें मत झालें कीं, राष्ट्र घडविणारांस 'मुक्त' म्हणजे खरोखरच मुक्त असें म्हणावयाचें होतें. देशभर आनंदीआनंद झाला. परंतु ता. १९ एप्रिल २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें तो निकाल फिरविला. प्रांताच्या नियमाचा मुख्य हेतु दुसऱ्या प्रांताचा माल अडविणें हाच असेल तर तो नियम अवैध. मुख्य हेतु दुसरा असून त्याच्या ओघांत माल अडत असेल तर वैध, असें त्यांनीं ठरविलें. मद्यावर सरकारी देखरेख ठेवणें हा न्यू ब्रन्सविकचा मुख्य हेतु, म्हणून कोमो दोषी.

आमच्या कोंकणांतील वाचकांस ही कथा परदेशची वाटणार नाहीं. गोव्याहून महाराष्ट्रांत येतांना इन्सुलीच्या नाक्यावर पिशव्या कां उघडतात, हें त्यांच्या गांवांत शेंबडें पोरही सांगेल. तेथें पकडला गेलेला मनुष्य कलमावर बोट ठेवावयास जात नाहीं, एवढाच भेद. मद्याविषयीं आम्हांस लेशमात्र ममता नाहीं; तरी हेतु पाहून वैधता ठरवावयाची ही रीति आम्हांस तितकीशी समाधानकारक वाटत नाहीं. हेतु कोण बोलून दाखवितो? दारावर अडविणारा प्रत्येकजण आरोग्याचें, सुरक्षिततेचें वा शिस्तीचेंच नांव घेणार. तिजोरीचें नांव कोणीही घेणार नाहीं, आणि न्यू ब्रन्सविकच्या सरकारी दुकानांचा नफा मात्र वर्षअखेर प्रांताच्या जमेस पडतच राहणार.

त्याच वर्षीं पश्चिमेस दोन प्रांतांत जें घडलें तें अधिक गंभीर होतें. अल्बर्टा हा तेलाचा प्रांत. त्याला समुद्र नाहीं. ब्रिटिश कोलंबिया हा समुद्राचा प्रांत. अल्बर्टांतील एडमंटनपासून किनाऱ्यावरील बर्नबीपर्यंत पर्वत ओलांडून जाणारा सुमारें ११५० किलोमीटर लांबीचा तेलनळ १९५३ पासून आहे. त्याच्या शेजारीं दुसरा मोठा नळ टाकण्याचें घाटत होतें. ता. ३० जानेवारी २०१८ रोजीं ब्रिटिश कोलंबियानें असें जाहीर केलें कीं, घट्ट डांबरी तेलाच्या ह्या वाढीव वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा आपला विचार आहे. तेल सांडलें तर आमचा किनारा व आमचे मासे जातील. आठवड्याच्या आंत, ६ फेब्रुवारीस, अल्बर्टाच्या मुख्यमंत्री रेचेल नॉटली ह्यांनीं आपल्या प्रांतांत ब्रिटिश कोलंबियाच्या वाइनची आयात बंद केली. दोन्ही प्रांतांत तेव्हां एकाच पक्षाची सत्ता होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तेलाच्या भांडणांत मार बसला तो द्राक्षांच्या मळेवाल्यास, ज्याचा नळाशीं काडीचाही संबंध नव्हता. ब्रिटिश कोलंबियानें आपला अधिकार न्यायालयाकडून तपासून घेण्याचें कबूल केलें तेव्हां, २२ फेब्रुवारीस, ही बंदी मागें घेण्यांत आली. पुढें न्यायालयांत ब्रिटिश कोलंबिया हरला. २०२० च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही त्याचें म्हणणें फेटाळलें. दरम्यान नळाची मालक असलेली कंपनी कंटाळली, म्हणून केंद्र सरकारनें २०१८ मध्यें तो नळ साडेचार अब्ज डॉलरांस स्वतःच विकत घेतला. आणि नवा नळ सुरू झाला तो १ मे २०२४ रोजीं, एकंदर खर्च चौतीस अब्ज डॉलरांच्या घरांत गेल्यावर.

ह्या प्रकरणांत दोषी कोण हें ठरविणें आम्हांस सोपें वाटत नाहीं. तेल आमचें, नफा देशाचा, वाट मात्र शेजाऱ्याच्या मर्जीवर, असें अल्बर्टा म्हणतो. नफा तुमचा व धोका आमचा, असें ब्रिटिश कोलंबिया म्हणतो. दोघांचेंही खरें आहे. शिवाय अल्बर्टाच्या मनांत जुनी सल आहे. १९८० च्या ऑक्टोबरांत केंद्रानें राष्ट्रीय ऊर्जा-योजना जाहीर करून तेलाचा देशांतील भाव जगाच्या भावापेक्षां कमी ठेवला. पूर्वेकडील कारखान्यांस तेल स्वस्त मिळालें, अल्बर्टाचें उत्पन्न बुडालें. मुख्यमंत्री पीटर लॉहीड ह्यांनीं तेव्हां टप्प्याटप्प्यानें तेलाचें उत्पादनच कमी करण्यास आरंभ केला, आणि १९८१ च्या सप्टेंबरांत तडजोड होईपर्यंत केंद्राचा व प्रांताचा अबोला चालला. अशा वेळीं वडीलधाऱ्या केंद्रानें दोघांचे कान धरावे, असें दुरून पाहणारास वाटतें. पण त्या घरांत एक भाऊ दोनदां वेगळा निघावयास निघाला होता. क्वेबेकनें १९८० व १९९५ सालीं फुटून निघण्याविषयीं मतदान घेतलें. दुसऱ्या वेळीं घर टिकलें तें शेंकडा ५०.५८ मतांनीं. जेथें एकत्र कुटुंब इतक्या बारीक धाग्यावर उभें आहे, तेथें कोणत्या सुनेचा लोण्याचा डबा उचलावा आणि कोणत्या सुनेचा नाहीं, ह्याचा विचार कर्त्या पुरुषास दहादां करावा लागतो.

आम्ही मराठी माणसांनीं ह्यावर नाक मुरडावें अशी आमची स्थिति नाहीं. आमच्या थोरल्या ताईचें लग्न १९७४ सालीं झालें. त्याचीं भांडीं घेण्यास वडील आम्हांस घेऊन नाशकास गेले होते. तांब्याचा बंब, घंगाळ, हंडा, दोन कळशा व पितळी परात पोत्यांत बांधून आम्ही एस. टी.नें परत निघालों. ज्या शहरांत लग्न व्हावयाचें होतें त्याच्या वेशीवरील जकात नाक्यावर गाडी थांबली. कारकुनानें पोतीं खालीं उतरवून घेतलीं. वडिलांनीं लग्नपत्रिका दाखविली, हीं विकावयाचीं भांडीं नव्हेत, मुलीला द्यावयाचीं आहेत, असें सांगितलें. परंतु तो ऐकेना. पावती दुकानदाराची नीट नाहीं, वजन पुन्हा झालें पाहिजे, तोलणारा जेवावयास गेला आहे! गाडी निघून गेली. दोन तासांनीं वजन झालें, जकात भरली, कारकुनानें घंगाळाच्या बुडावर खडूनें आंकडा लिहिला, आणि आम्हीं टांगा करून भांडीं घरीं आणलीं. वडील वाटेनें एक शब्द बोलले नाहींत. तो खडूचा आंकडा आईनें चिंचेनें घासून काढला, ताईच्या दृष्टीस पडण्यापूर्वीं.

पुढें कौटिल्याचें अर्थशास्त्र वाचतांना शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत आम्ही थबकलों. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला असावी, तिच्यावर ध्वज असावा, चारपांच अधिकाऱ्यांनीं व्यापारी कोण, कोठला, माल किती, हें लिहून घ्यावें, असें सर्व सांगून तो आचार्य म्हणतो कीं, विवाहासाठीं, यज्ञासाठीं, बाळंतपणासाठीं, मुंजीसाठीं नेलेल्या जिनसांवर शुल्क घेऊं नये. आणि खोटें सांगून सवलत घेणारास चोराचा दंड करावा. आमच्या नाक्यावरील कारकुनानें कौटिल्य वाचलेला नव्हता. वडिलांनीं वाचला होता. ते गप्प कां बसले हें आम्हांस तेव्हां उमगलें.

अशी जकात आपल्या राज्यांतील शहरांनीं वर्षानुवर्षें घेतली. मुंबईचे नाके तर २०१७ च्या ३० जूनच्या मध्यरात्रीं बंद झाले. दुसऱ्या दिवशीं, १ जुलैस, आपल्याकडे वस्तु व सेवा कर लागू झाला. योगायोग असा कीं, त्याच १ जुलैस, राष्ट्राच्या १५० व्या वाढदिवशीं, कॅनडांतही प्रांतांचा अंतर्गत मुक्त व्यापाराचा नवा करार अंमलांत आला. दोन देश, एक तारीख. पण फळ सारखें आलें नाहीं. कॅनडाच्या करारांत अपवादांच्या यादीनेंच कित्येक पानें भरलीं. आपल्याकडे नाके खरोखरच उठले. ह्याचें श्रेय 'मुक्त' ह्या शब्दास देतां येत नाहीं. तो आपल्याही संविधानाच्या ३०१ व्या कलमांत आहे, आणि २०१६ च्या नोव्हेंबरांत आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनींही सात विरुद्ध दोन अशा मतांनीं त्याची पंचमी आंखडतीच घेतली: मुक्त म्हणजे करांपासून मुक्त नव्हे. आपले नाके उठले ते वेगळ्या कारणानें. नव्या करामुळें राज्यांचें जें उत्पन्न बुडेल तें केंद्रानें पांच वर्षें भरून द्यावें असें ठरलें, तेंही दरसाल शेंकडा १४ वाढ धरून; शहरांची जकात गेली तिची भरपाई राज्यानें द्यावी असा कायदा झाला; आणि ह्या कराच्या परिषदेंत दोनतृतीयांश वजन राज्यांच्या मतांस मिळालें. भिंत पाडण्यापूर्वीं तिच्या आडोशाला राहणाऱ्याचें भाडें ठरविण्यांत आलें. कॅनडांत तें कोणीं ठरविलें नाहीं. क्वेबेकच्या गवळ्यास व न्यू ब्रन्सविकच्या तिजोरीस एकतेचीं व्याख्यानें पुष्कळ ऐकविण्यांत आलीं, बुडीत मात्र कोणीं मोजून दाखविलें नाहीं.

आणि तरी आपल्याकडेही दोन जिनसा त्या करांतून वगळल्या गेल्या, त्या अद्यापि बाहेरच आहेत: पिण्याचें मद्य, आणि पेट्रोल-डिझेल. कॅनडाचे प्रांत भांडले तेही नेमके मद्य आणि तेल ह्यांवरून. ह्या दोन जिनसांवर राज्यांच्या तिजोऱ्यांचा केवढा भार आहे हें ज्यास ठाऊक आहे, त्याला ह्या साम्याचें नवल वाटणार नाहीं.

२०२५ सालीं अमेरिकेनें कॅनडाच्या मालावर जबर कर बसविले, आणि १८६६ प्रमाणेंच शेजारचें दार पुन्हा लागतांच भावंडें एकमेकांकडे वळलीं. त्या वर्षाच्या २६ जून रोजीं केंद्राचा नवा कायदा झाला: एका प्रांतानें मान्य केलेला माल व एका प्रांतानें परवाना दिलेला कारागीर केंद्राच्या नियमांपुरता सर्वत्र मान्य धरावा. नोव्हा स्कोशिया, ओंटारिओ आदि प्रांतांनींही परस्परांचे परवाने व दर्जे मानण्याचे कायदे केले. पण केंद्राच्या कायद्यानें केंद्राचेच अडसर निघतात. परिचारिकांचा परवाना हा प्रांताचा, आणि तेथें प्रत्येकाची चाल आपापली आहे. अल्बर्टा व सस्कॅचवान ह्यांच्या सीमेवर लॉइडमिन्स्टर नांवाचें एक शहर आहे. सीमारेषा त्याच्या मुख्य रस्त्यानेंच जाते. प्रांताच्या परवान्यावरील खाटिकखान्याचें मांस रस्त्याच्या ह्या बाजूचें त्या बाजूस विकतां येत नसे. त्यासाठीं केंद्राचा परवाना लागे. अलीकडे त्या एका शहरापुरती सूट मिळाली आहे.

हें लिहून होत असतांच आमच्या भगिनींचें दुसरें पत्र आलें. सूनबाईंस अल्बर्टाचा परवाना मिळाला असून त्या गेल्या सोमवारपासून कामावर रुजू झाल्या आहेत. ओंटारिओचा परवाना मात्र त्यांनीं सोडलेला नाहीं. त्याची वार्षिक फी भरणें चालूच आहे, कारण चिरंजिवांची बदली पुन्हा केव्हां होईल ह्याचा नेम नाहीं.